जुनी डिश

नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले. त्यातले बरेचसे विसरले. पिंप्राळ्यातल्या कॉम्प्युटरवाल्या बाईचं प्रकरण मात्र विसरले नाही, कारण त्यात चोरच नव्हता आणि तरी एक बाई गजाआड जाता जाता राहिली.

शतक संपत आलं होतं. मी जळगावला महिला हवालदार होते. शिक्षण सातवी. आमच्या ठाण्यात तेव्हा कॉम्प्युटर नव्हता. टेबलं होती, तीही डुगडुगणारी. प्रत्येकाच्या एका पायाखाली घडी केलेलं जुनं वर्तमानपत्र.

एके सकाळी अमळनेरचे एक प्राध्यापक तक्रार घेऊन आले. भावाने अमेरिकेहून आणलेला त्यांचा लॅपटॉप बिघडला होता. आतून कटकट आवाज यायचा आणि चालता चालता बंद पडायचा. तो त्यांनी पिंप्राळ्यातल्या दुरुस्तीवाल्या बाईकडे दिला. बाईने आतली हार्ड डिस्क बदलली, विंडोज नव्याने टाकली. लॅपटॉप झकास चालू झाला, पण आत काहीच नव्हतं. सरांनी गावोगाव फिरून जमवलेले अहिराणी शब्द जुन्या डिस्कवर होते. बाई म्हणत होती, डिस्क परत दिली. सर म्हणत होते, मिळालीच नाही.

"धुळ्याचे एक सर याच विषयावर लिहिताहेत," ते म्हणाले. "त्यांना विकली असणार."

फौजदारसाहेबांनी मान वर केली. "शब्दसुद्धा चोरीला जातात का हो?"

"माझे गेलेत," सर म्हणाले. ते हसत नव्हते.

संशयित बाई, म्हणून चौकशीला मला पाठवलं. घराच्या पुढच्या खोलीत दुकान होतं. बाई पदर खोचून, हातात स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसलेली. आतल्या दारात सासू उभी.

"जुनी डिस्क कुठे आहे?" मी दरडावून विचारलं.

"आबांच्या पिशवीत घातली, बाई. सरांचे वडील आले होते न्यायला. कागदात गुंडाळून दिली. सांगितलंही, सरांना म्हणावं जपून ठेवा, त्यातलं अजून निघेल."

"बाद झालेला माल कोण परत देतं?"

"माझे वडील पंपाच्या मोटारी रिवाइंड करायचे. जळालेली तार गिऱ्हाइकाच्या पिशवीत घालायची, ही आमची रीत. नाहीतर गिऱ्हाईक म्हणतं, बदललीच नाही."

हे खरं होतं. माझ्या माहेरी विहिरीवरची मोटार जळाली की जुनी तार घरी यायचीच. शिवाय खोटं बोलणारा माणूस न विचारलेलंही सांगत सुटतो. ही विचारलं तेवढंच सांगत होती.

सासू मात्र बोलली. "दारात पोलीस आले. झालं ना समाधान? ओढ ते शटर आणि भाकरी थाप. मी पहिल्यापासून सांगत होते."

बाईने खाली मान घातली. तुरुंगापेक्षा तिला त्या शटरची धास्ती जास्त होती.

फौजदारसाहेबांचा हुकूम साधा होता. म्हाताऱ्याचा जबाब घ्या. डिस्क मिळाली नाही म्हणाला की गुन्हा दाखल, बाईला अटक. मी एक शिपाई घेतला आणि अमळनेरची एसटी धरली.

आबा ओट्यावर बसले होते. कानाने जरा कमी. मी मोठ्याने विचारलं, "आबा, दुकानात बाईने डिस्क दिली का?"

"देनी ना!" आबा खूश झाले. "पोहा व्हतात. शेंगदाना टाकेल."

शिपाई हसायला लागला. मी त्याच्याकडे पाहिलं, तसा गप्प झाला.

"आबा, पोह्यांचं नाही विचारत. निघताना ती काय म्हणाली?"

"बोलनी, आबा, जुनी डिश थैलीमा शे. मी बोलनू, पोहा खाई लिधा, आते डिश कसाले वं माय? ती हासनी. मी बी हासनू."

सर दारात उभे होते. त्यांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. अख्ख्या खान्देशातले शब्द गोळा करणारा माणूस, आणि घरातला एक शब्द ऐकायचा राहिला. वडिलांना त्यांनी विचारलं होतं, बाईने डिस्क दिली का? वडील म्हणाले होते, पोहे दिले. सरांनी कपाळाला हात लावला आणि पुढे विचारलंच नाही.

म्हणजे डिस्क घरापर्यंत आली होती. पिशवी कोणी रिकामी केली? आबांची सून, म्हणजे सरांची बायको, पुढे आली. "मीच केली. वांगी होती, मेथी होती. कागदात काहीतरी लोखंडी निघालं. मला वाटलं, आबांनी भंगार उचलून आणलं. कुठे टाकलं, आता आठवत नाही हो." घाबरलेल्या माणसाला घाई केली तर त्याला स्वतःचं नावही आठवत नाही. म्हणून मी म्हटलं, असू दे, आधी आबांचा जबाब लिहून घेते.

सरांच्या टेबलाशी बसले. खाली जुनी शहाबादी फरशी, कुठे वर, कुठे खाली. टेबल मात्र जागचं हललं नाही. मी जोर देऊन लिहिते, तरी नाही. सगळी नोकरी डुगडुगत्या टेबलावर केलेली मी. वाकून खाली पाहिलं.

उजव्या पायाखाली चपटी लोखंडी वडी होती.

"अगं बाई!" सून म्हणाली. "यांना लिहिताना टेबल हलायचं. रोज कुरकुर. मीच सरकवली ती."

सर जमिनीवरच बसले. त्याच टेबलावर कोपरं टेकून त्यांनी तक्रार लिहिली होती.

पंचांसमोर वडी ताब्यात घेतली आणि सरांना घेऊन पिंप्राळ्याला आलो. बाईने ती छोट्या जोडणीने मोठ्या कॉम्प्युटरला लावली. वडी कटकटली, थांबली, पुन्हा कटकटली. मग पडद्यावर एकेका फाइलचं नाव येऊ लागलं. बाई एकेक उतरवून घेत होती, तापलेल्या दुधावर नजर ठेवावी तशी. बरंचसं आलं. शेवटचे काही शब्द गेले ते गेलेच.

"ते मी आबांना विचारून लिहितो," सर म्हणाले. मग बाईकडे वळून म्हणाले, "ताई, चुकलं माझं. तक्रार मागे घेतो."

"घ्या," बाई म्हणाली. "आणि त्या पायाखाली आता लाकूड घाला."

सासू आत गेली. मला वाटलं रागावून गेली. ती पोहे घेऊन आली, आमच्या शिपायालासुद्धा. शटर उघडंच होतं. दोन गिऱ्हाइकं बाहेर ताटकळत होती, त्यांना सासूच म्हणाली, "थांबा जरा, सूनबाई कामात आहे."

तेव्हापासून जबाब घेताना मी एक प्रश्न वाढवला. समोरचा काय बोलला हे तर विचारायचंच, पण तुम्ही काय ऐकलं, तेही विचारायचं. अर्धी भांडणं तिथेच मिटतात, कागद खराब करावा लागत नाही. आणि निवृत्त झाले तरी एक खोड राहिली आहे. कोणाच्या घरी टेबल हललं नाही की मी आधी वाकून खाली बघते.