त्याचं डावं

मला जे काही कामाचं येतं, ते काकांनी शिकवलं. काका खालच्या मजल्यावर राहायचे. शाळांच्या प्रयोगशाळांसाठी प्लास्टरचे मेंदू करायचे. साच्यातून काढायचे, घासायचे, रंगवायचे. मी साहित्यात एम.ए. होऊन घरी बसलो होतो. अक्षर बरं म्हणून भागांच्या नावांच्या चिठ्ठ्या लिहायला त्यांनी मला बोलावलं.

"डोळे पुढे, पण बघायचं काम ह्या निळ्या भागाचं. पार मागे," ते सांगायचे. "म्हणून इथे बसली की काजवे चमकतात." आणि टपली मारूनच दाखवायचे. "खाली हा तांबडा, छोटा मेंदू. तोल सांभाळतो. तुझ्या काकूसारखा. नाव कुणी घेत नाही, पण रुसला की घर डुलतं."

"ऐकू येतंय मला," काकू आतून म्हणायच्या.

एक गोष्ट मात्र ते दरडावून सांगत. चिठ्ठी चिकटवताना मेंदू पाठमोरा ठेवायचा. "समोरासमोर ठेवलास की फसलास. तुझं डावं नको, त्याचं डावं." तरी चुकलो की एकच शब्द. "गाढवा!"

एका सकाळी त्यांच्या हातातून ब्रश गळून पडला. उजवा हात लोंबकळला. ओठ हलत होते, शब्द होत नव्हता.

"झटका मेंदूच्या डाव्या बाजूला आलाय," इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उजवं अंग तीच चालवते. आणि बोलणंही बहुतेकांचं तिथेच असतं."

"पण त्यांना कळतं का?" काकूंनी विचारलं.

"आत्ताच नाही सांगता येणार."

तीन आठवड्यांनी काका घरी आले. नुसते बघत बसायचे. भेटायला येणारे त्यांच्यासमोरच हळहळायचे, जणू ते खोलीत नाहीतच. काकू रोज विचारायच्या, "मी कोण? ओळखलंत?" ते "त... त..." करायचे.

"आत आहेत, एवढं कळू दे रे," काकू मला म्हणाल्या. "बाकीचं मी निभावते."

एका शाळेचा मेंदू अर्धवट राहिला होता. मी काकांच्या खुर्चीशेजारी तो पुरा करायला बसलो. 'बोलणे' अशी चिठ्ठी लिहिली. खळ लावून चिकटवली.

त्यांचा डावा हात पुढे आला. नखाने त्यांनी ती ओली चिठ्ठी सोडवली. मेंदू फिरवून पाठमोरा केला. चिठ्ठी दुसऱ्या बाजूला लावली, कानशिलाच्या जागी, जरा वर. अंगठ्याने दाबली. मग तोच अंगठा स्वतःच्या डाव्या कानशिलावर टेकवला आणि माझ्याकडे बघितलं.

मी समोरासमोर ठेवला होता.

"गाढवा!"

स्वच्छ. पूर्वीसारखं.

काकू हातातल्या पातेल्यासकट धावत आल्या. "कोण बोललं?"

मी काकांकडे बोट दाखवलं. पुढे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तोंडात मुरलेली शिवी कधी कधी अशी निसटते, बाकी बोलणं गेलं तरी. असेल. मला एवढंच कळतं, की त्या शिवीइतकं मोलाचं मला आजवर कुणी काही दिलेलं नाही.

काकू त्यांच्यासमोर बसल्या. "त्याला शिवी दिलीत. मग मला सांगा, मी कोण?"

काकांनी तोंड उघडलं. "त... त..." पुढे काही येईना. त्यांनी मेंदू जवळ ओढला. खालच्या तांबड्या भागावर बोट ठेवलं. मग ते बोट उचलून काकूंच्या हातावर.

काकू किती तरी वेळ हसत होत्या. पातेलं अजून मांडीवरच होतं.