नवरात्रातली भवानी

सगुणा कोळीण गिऱ्हाइकाला अहो-जाहो करीत नसे. डॉक्टर असो, मास्तर असो, पाटीपुढं उभा राहिला की तो 'अरे' आणि 'तू'. "अरं, बघतोस काय नुसता? डोळं बघ माशाचं, तुज्यापरीस तरतरीत हायत!" असं तोंडावर म्हणायची आणि वर मूठभर करंदी जास्तीची टाकायची. लोक हसायचे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिच्याकडेच यायचे.

शहर कोणतं ते विचारू नका. ठाण्याच्या पुढचं आणि कल्याणच्या अलीकडचं कुठलंही धरा, फारसं चुकणार नाही. स्टेशनच्या पुलाच्या पायऱ्या जिथं उतरतात तिथं, घड्याळजीच्या दुकानासमोर, ती बसायची. आधी तिची सासू बसायची तिथं. सगुणा लग्न होऊन कळव्याहून आली आणि पाचपरतवणं आटोपल्यावर सासूनं तिला त्याच जागेवर नेऊन बसवलं. म्हणाली, "सोनं मोडशील, भांडी मोडशील, पन ही जागा सोडू नको गो बाय."

सासूचं बोलणं खरं ठरलं. नवरा दामाजी खाडीत होडी घालायचा. पुढं कारखान्यांचं पाणी खाडीत उतरायला लागलं, चिंबोऱ्यांना रॉकेलचा वास यायला लागला, चिखलातल्या निवट्या तर दिसेनाशाच झाल्या. दामाजीनं होडी किनाऱ्याला ओढली ती ओढलीच. दिवसभर ओटीवर बसून तो जुनी जाळी शिवायचा. पाण्यात न जाणारं जाळं शिवण्यात काय अर्थ, पण त्याला कोण सांगणार? तेव्हा सगळं घर चालायचं ते त्या पायऱ्यांशेजारच्या दीड हात जागेवर. सगुणा घाऊक बाजारातून माल आणायची आणि इथं विकायची. जागा गेली तर चूल गेली, इतकं ते सरळ होतं.

तिच्या हाताला यश आहे असं सगळ्या कोळणी मानायच्या. सकाळी पाट्या मांडल्या की एकेक जण म्हणायची, "सगुणे, हात लाव गो." ती प्रत्येकीच्या पाटीला हात लावायची आणि मगच भवानी व्हायची. भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. त्या गिऱ्हाइकाला परत पाठवायचं नाही, त्याला उधार द्यायचं नाही, आलेली नोट आधी कपाळाला आणि मग माशाला लावायची. आणि पैसा आला की माल गेलाच पाहिजे. माल न जाता नुसता पैसा हातात पडला तर ती भवानी नव्हे, भीक. भिकेनं दिवस उघडला की तो दिवस बुडालाच.

आता कारखानीस. हे महापालिकेत जनसंपर्क अधिकारी. जात सीकेपी, म्हणजे माशांचे जन्मजात दर्दी. त्यांच्या आईला सगुणाच्या सासूचं पापलेट लागायचं आणि ह्यांना सगुणाचं. महापालिकेचा वर्धापनदिन झाला की वर्षभरात काय काय केलं त्याची गुळगुळीत कागदाची पुस्तिका निघायची, ती हेच लिहायचे. किती दिवे लावले, किती गटारं झाकली, किती झाडं लावली. झाडं जगली का, हे त्यात कधी नसायचं, ते जाऊ द्या.

सत्त्याऐंशी साली पालिकेनं मच्छी मंडई बांधली. कुठं बांधली? मोठ्या नाल्यापलीकडं, जिथं कुत्रंसुद्धा वाट चुकल्याशिवाय जात नाही. कोळणींनी पाहिली आणि नाकाला पदर लावून परत आल्या. एकही तिकडं जायला तयार होईना, आणि वर्धापनदिन तर तोंडावर आलेला. तेव्हा कारखानीस पिशवी घेऊन सगुणाकडं आले.

"सगुणाबाई, तुम्ही आधी चला. तुम्ही बसलात की बाकीच्या आपोआप येतील. पहिला ओटा तुमचा. उन्हापावसाचं छप्पर, पाण्याचा नळ, सगळं आहे. कुणी उठवणार नाही तुम्हाला."

"आन् ही जागा?"

"ती कुठं पळून जातेय? नाही जमलं तर या परत. मी आहे ना!"

सगुणाला ते 'मी आहे ना' पुरलं. ज्या माणसाला तीस वर्षं मासा निवडून दिला, तो आपल्याला फसवील असं मनात तरी कसं यावं? तिनं एकच अडचण काढली. "भाऊ, तो तुजा वर्दापनदिन नवरात्रात येतो. नवरात्रात मासा कोन खातो रे? दसरा होऊ दे. दुसऱ्या दिवशी बघ कशी झुंबड उडवते मी."

"वर्धापनदिन पुढं ढकलता येत नाही, बाई. महापौर स्वतः तुमच्याकडून पहिली खरेदी करणार आहेत. फोटो यायचाय पुस्तिकेत."

महापौरांच्या हातची भवानी! सगुणानं कोळीवाड्यात घरोघर जाऊन सांगितलं. रतन नावाची एक तोंडाळ कोळीण होती, ती म्हणाली, "घटावर देवी बसलीय आन् तू मासं विकायला निघालीस? हात दाखवून अवलक्षन!" पण सगुणा म्हणाली, "मी बोलले ना, चला." आणि तिच्या शब्दाखातर सगळ्या गेल्या. हिरवी लुगडी, गजरे, ठेवणीतले दागिने घालून गेल्या.

मंडप, बॅंड, सनई, भाषणं. वर्षातल्या यशाचा पाढा वाचून झाला, टाळ्या झाल्या. सगुणा पहिल्या ओट्यावर मांडी घालून बसली होती, समोर बर्फातलं एक झकास पापलेट. नवरात्रात ते कुठून पैदा केलं ते तिचं तिला ठाऊक. महापौर आले. कपाळाला कुंकू, नऊ दिवसांचे कडक उपास, पायांत वहाणसुद्धा नाही. त्यांनी नोट पुढं केली. सगुणानं ती कपाळाला लावली, माशाला लावली आणि दोन्ही हातांनी पापलेट पुढं धरलं.

महापौर विंचू चावावा तसे मागं सरले. "अहो, मला उपास आहे!"

फोटोवाल्याचा दिवा चमकला आणि मंडळी पुढच्या कार्यक्रमाला निघाली. सगुणाच्या एका हातात पैसा, दुसऱ्या हातात मासा. मग तिनं ओट्यावरून उडी मारली आणि मासा घेऊन धावली. "अरं, घेऊन जा! नको खाऊस, पन घेऊन जा रे! कुनाला पन दे!" फोटोवाल्याचा दिवा पुन्हा चमकला. शिपायांनी तिला अडवलं. कारखानीस लगबगीनं आले आणि हळूच म्हणाले, "सगुणाबाई, असू द्या. बक्षीस समजा."

"बक्षीस नको! भवानी हाय ती! तुला ठाव नाय काय? तुज्या आयेला ठाव होतं!"

"अहो, फोटोपुरतं असतं हे," कारखानीस म्हणाले, आणि गर्दीत मिसळले. मागं ओट्यांवर बसलेल्या बायकांनी हे सगळं पाहिलं होतं.

पुस्तिकेत तो दुसरा फोटो छापून आला. सगुणा पदर सुटलेला, हात पुढं, तोंड उघडं, धावते आहे. खाली छापलं होतं : 'हक्काची बाजारपेठ मिळाल्याचा आनंद महापौरांजवळ व्यक्त करताना कोळी भगिनी.' वासंती नावाची शेजारची पोर शाळेत जायची, तिनं ते वाचून दाखवलं. दामाजीनं जाळं बाजूला ठेवलं आणि फोटो बराच वेळ पाहिला. मग म्हणाला, "रडतेस की गो तू यात."

दसरा झाला, दिवाळी झाली. नाल्यापलीकडं गिऱ्हाईक फिरकलं नाही. नळ होता, पाणी नव्हतं. बायका ओट्यावर बसून माशा वारायच्या आणि संध्याकाळी माल खाडीत ओतायच्या. रतननं तोंड सोडलं. "हिच्या हातानं भीक आली पयली. सगळ्यांच्या कपाळी लागली." घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, तशा एकेक जणी फिरल्या. सकाळी सगुणा आली की पाट्यांवर पदर ओढायच्या, चुकून तिचा हात लागू नये म्हणून. ज्या हाताला तीस वर्षं यश होतं त्या हाताची ही दशा! तिला मालापेक्षा तेच जास्त लागलं. घरी येऊन ती हात घासघासून धुवायची, नि दामाजी ते बघून तोंड फिरवायचा.

शेवटी ती परत पुलाच्या पायऱ्यांशी जाऊन बसली. तिसऱ्या दिवशी अतिक्रमणची गाडी आली. "तुला ओटा दिलाय ना? मग इथं काय करतेस?" पाटी गेली, कोयता गेला. ज्यांना ओटा मिळाला नव्हता त्या केळीवाल्यांना, कंगवेवाल्यांना दम देऊन सोडलं. सगुणाला मात्र नाही, कारण तिचं कल्याण झाल्याचं पुस्तिकेत छापलं होतं.

ती तशीच कारखानिसांच्या घरी गेली. दारातच एक सायकलवाला उभा होता, कारखानीसबाई त्याच्याकडून कोलंबी घेत होत्या. आतून कारखानीस आले. थोडे ओशाळले, पण थोडेच. म्हणाले, "मंडईत फार वास येतो हो, सगुणाबाई. आणि हा दारात आणून देतो." मग तिच्या जागेबद्दल 'बघतो' म्हणाले. ह्या 'बघतो'चा अर्थ ज्याला कळत नाही असा माणूस अख्ख्या जिल्ह्यात सापडायचा नाही. सगुणालाही कळला.

त्यानंतर ती दारोदार फिरू लागली. पाटी डोक्यावर, एकेक जिना चढायचा. गुडघे गेले. दामाजी दम्यानं गेला. ओटा बरेच दिवस रिकामा म्हणून रद्द झाला आणि तिथं कुणा नगरसेवकाच्या माणसाचं सिमेंटचं गोदाम झालं. तरी सगुणा महिन्या दोन महिन्यांनी पुलाच्या पायऱ्यांशी जायची, जागा बघायची. जागा तिथंच होती. कधीतरी आपली आपल्याला मिळेल, ही आशा काही मेली नव्हती. म्हातारपण काढायला तेवढीच पुरे होती तिला.

ब्याण्णवच्या वर्धापनदिनाला शहर सुशोभित करायचं ठरलं. रिक्षातून कर्णा फिरला : स्टेशनसमोर भव्य अनावरण! सगुणा पाटी घेऊन गेली. गर्दी आहे, चार पैसे होतील म्हणून गेली. पाहते तो पायऱ्यांशेजारी, घड्याळजीच्या दुकानासमोर, तिच्या त्याच दीड हात जागेवर बुटका चौथरा बांधलेला आणि वर काहीतरी कापडात गुंडाळलेलं. नव्या महापौरांनी दोरी ओढली. आत सिमेंटची कोळीण निघाली. हिरवं लुगडं, लाल ओठ, डोक्यावर पाटी, पाटीत रंगवलेले मासे. भाषणात म्हणाले, ही आपल्या शहराची मूळ संस्कृती, तिचा सन्मान हे या वर्षाचं मोठं यश. टाळ्या झाल्या. सगुणानंही वाजवल्या, सगळे वाजवत होते म्हणून.

मंडळी चहाला पांगली. सगुणा चौथऱ्याला टेकून खाली बसली आणि तिनं पाटीवरचं फडकं काढलं. लगेच अतिक्रमणच्या पथकातला माणूस आला. तो काही वाईट नव्हता, वयानं तिच्या मुलासारखा. "आजी, उठा. इथं बसायला बंदी आहे."

"आन् ही?" सगुणानं वर बोट केलं.

"ती पालिकेची आहे, आजी."

"मग मी कोनाची?"

तेवढ्यात समोरून कारखानीस येताना दिसले. केस पिकलेले, छातीवर बिल्ला, बरोबर फोटोवाला. त्यांनी सगुणाला पाहिलं. ओळखलंही, चांगलं ओळखलं. सगुणा त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. एक शब्द बोलले असते तर पथकवाला निघून गेला असता, तो साहेबांकडंच बघत उभा होता.

कारखानीस जवळ आले, फोटोवाल्याकडं वळून बघितलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "सगुणाबाई, जरा बाजूला सरकता का? कोळीण झाकली जातेय."