पाठ टेकवा, मान हलवू नका

लोक आमच्याकडं चष्मे विसरून जातात, छत्र्या विसरून जातात. त्या ड्रॉवरमध्ये ठेवता येतात. किस्से कुठं ठेवायचे? शाहूपुरीतल्या या डोळ्यांच्या हॉस्पिटलात एकवीस वर्षं ऑपरेशन थिएटरची सिस्टर आहे मी, पार गच्च भरलेय. मग तुमच्यासारखं कुणी चहाला बसलं की सुटतात एकेक.

आधी माझं काम सांगते. ऑपरेशन मॅडम करतात, पण पेशंटला टेबलावर नीट झोपवायचं माझ्याकडं. पाठ सपाट, हनुवटी जरा वर, हात अंगालगत, आणि मान अजिबात हलता कामा नये. ऐकायला सोपं वाटतं ना? कोल्हापूरच्या माणसाला पंधरा मिनिटं गप झोपवून दाखवा, मग बोलू!

*

गडमुडशिंगीचे एक दूधवाले काका. मोतीबिंदूचं ऑपरेशन. तोंडावर हिरवं कापड, डोळ्यापुरतं भोक. मॅडम म्हणाल्या, "काका, आता मान हलवायची नाही. कळलं?"

काकांनी जोरात मान हलवली.

"अहो, मान नाही हलवायची!"

"व्हय व्हय!" परत हलवली.

"तोंडानं सांगा, मानेनं नको."

"बरं की!" म्हणाले, आणि हलवली.

शेवटी मॅडम माझ्या कानात म्हणाल्या, "सिस्टर, यांना आता काही विचारायचंच नाही." खरंच, त्यानंतर मान एकदाही हलली नाही.

*

कुठल्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, हे आम्ही पेशंटच्या तोंडून वदवून घेतो आणि त्या बाजूला कपाळावर खूण करतो. त्यात चूक म्हणजे नोकरीच गेली. एकदा एक ट्रक ड्रायव्हर आले होते.

"कुठला डोळा?"

"क्लीनर साईडचा."

"दादा, डावा की उजवा?"

"आता बाई, क्लीनर कुठल्या बाजूला बसतोय?"

मी तिथंच उभ्या उभ्या मनातल्या मनात ट्रकमध्ये चढले, स्टेअरिंग धरलं, शेजारी बघितलं. डावा! तेव्हापासून आमच्या मॅडमसुद्धा घाईत असल्या की म्हणतात, "सिस्टर, पहिला ड्रायव्हर साईड घेऊ."

*

तपासणीच्या मशीनवर हनुवटी टेकवली की मॅडम सांगतात, "माझ्या कानाकडं बघा." म्हणजे नजर बरोबर हवी तिथं जाते. एका आजींना असंच सांगितलं. आजी बघत बसल्या, बघत बसल्या, आणि म्हणाल्या, "कानात कायतरी चमाकतंय. सोन्याचं हाय व्हय?"

मॅडम खूश. "हो आजी, सोन्याचंच."

ऑपरेशन झालं. दुसऱ्या दिवशी पट्टी काढली, परत मशीनवर बसवलं. "आजी, माझ्या कानाकडं बघा."

आजींनी बघितलं. मग भरल्या वेटिंग हॉलला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाल्या, "वन ग्रॅमचं हाय की ओ मॅडम!"

असा झकास रिझल्ट मॅडमना कधी मिळाला नसेल. आठवडाभर त्या कानात काही न घालता आल्या.

*

डोळ्यात पुढं भिंग असतं आणि मागं पडदा. भिंगातनं आलेलं चित्र त्या पडद्यावर उमटतं, आणि पडदा खराब झाला की भिंग कितीही चांगलं असून उपयोग नाही. हे सगळं मॅडम चित्र काढून समजावतात. इचलकरंजीच्या एका माग कामगाराला त्यांनी असंच सांगितलं, "तुमचा पडदा जरासा फाटलाय."

गडी खुर्चीत पुढं सरकला. "उभा धागा गेलाय का आडवा?"

मॅडमनी माझ्याकडं बघितलं. एवढं मोठं शिक्षण, पण हा प्रश्न कुठल्या परीक्षेत आला नव्हता! मीच म्हटलं, "दोन्ही."

"मग रफू करायला लागंल," तो गंभीरपणे म्हणाला आणि लेझरसाठी शहाण्यासारखा बसला. महिन्यानं तपासायला आला. मॅडम म्हणाल्या, "छान चिकटलाय."

"जोड दिसतोय का?"

"नाही."

"मग कारागीर पक्का हाय!"

भिंतीवर एवढी सर्टिफिकेटं आहेत, पण मॅडम हेच वाक्य घरी जाऊन सांगत होत्या.

*

आता रंगराव वस्तादांचं सांगते. वय सहासष्ट, तालमीत पोरं घडवण्यात जन्म गेलेला. एक डोळा लहानपणीच काटा लागून गेला होता, आणि आता उरलेल्या एकाचा पडदा सुटला. मॅडमनी स्पष्ट सांगितलं, दोन दिवसांत ऑपरेशन झालं नाही तर हाही गेला. त्यात हृदयाच्या डॉक्टरांनी पूर्ण भूल द्यायला मनाई केलेली. म्हणजे फक्त डोळा बधिर करून, जागेपणी, दीड तास पाठीवर पडून राहायचं.

वस्ताद टेबलावर बसले. मी खांद्याला हात लावून म्हटलं, "पाठ टेकवा."

पाठ टेकायच्या आत गडी वळून पालथा! परत बसवलं, परत झोपवलं. या खेपेला मान आणि टाचा टेकवून कंबर वर, सगळ्या अंगाची कमान! दोघा ब्रदरांनी खांदे धरले, तर एक ब्रदर टेबलाच्या पलीकडं जाऊन पडला.

मला हसू आवरेना. तेवढ्यात त्यांच्या चेहऱ्याकडं लक्ष गेलं. डोळ्यांतनं पाणी वाहत होतं.

"सिस्टर, मला का डोळा नको हाय? पन आंगच ऐकत न्हाय ओ. उभ्या जन्मात कुनी पाठ लावली न्हाय माझी."

माझं हसू तिथंच गेलं.

बाहेर त्यांची नात बसली होती, समृद्धी, चौदा वर्षांची. तिला कुस्ती तेच शिकवतात. मी तिला सगळं सांगितलं. ती उभी राहिली. "मी पाडतो आबाला."

आमच्याकडं पोरीसुद्धा 'पाडतो'च म्हणतात. तिला टोपी, मास्क, गाऊन घालून आत नेलं. मॅडम बाजूला झाल्या.

पोरीनं टेबलाजवळ जाऊन हात पुढं केला. वस्तादांनी सवयीनं सलामी दिली.

"आबा, रोज तुमी मला पाडतासा. आज माझी पाळी."

"तुझ्याच्यानं हुतंय व्हय?"

तिनं त्यांच्या छातीवर तळहात ठेवला. नुसता ठेवला, दाबलासुद्धा नाही. आणि ते एवढं धिप्पाड अंग हळूहळू मागं गेलं. पाठ टेकली, दोन्ही खांदे टेकले. मी पटकन हात अंगालगत घेतले, हनुवटी नीट केली. पोरगी कापडाखालून त्यांचा हात धरून दीड तास उभी होती.

पडदा जागेवर दाबून राहावा म्हणून डोळ्यात गॅस भरतात आणि आठवडाभर पालथं झोपवतात. त्यात वस्ताद पटाईतच! सात दिवस त्यांनी फरशीशिवाय काही बघितलं नाही.

दोन महिन्यांनी गॅस विरला. मॅडमनी तक्ता वाचायला लावला. वस्तादांनी खालून दुसरी ओळ घडाघडा वाचली, उठले आणि नातीचं मनगट धरून तडक बाहेरच्या पायरीवर गेले. मान वर करून कितीतरी वेळ बघत राहिले. मग मागं वळले आणि सगळ्या वेटिंग हॉलला तालमीतल्या आवाजात ओरडून सांगितलं,

"पावणं, ऐका! ह्या पोरीनं मला आस्मान दावलं!"