टाकीभोवतीची फेरी

"झोप लागली का?"

आबा हा प्रश्न सकाळी प्रत्येकाला विचारायचे आणि विचारून थांबायचे. आपण विचारतो आणि पुढे चालू लागतो, तसं नाही. समोरचा 'लागली' किंवा 'न्हाय लागली' म्हणेपर्यंत ते हातातला कॅन खाली ठेवून उभे राहायचे. मला ते थांबणं कधी सोसलं नाही. ही गोष्ट सांगायचं मी इतकी वर्षं टाळलं, त्याचं कारणही काहीसं तेच. आबांबद्दल बोलायला लागलो की पुढे एका जागी मला थांबावं लागणार, हे ठाऊक होतं. घरात विषय निघाला की मी त्यांच्या गमती सांगायचो, सगळे हसायचे, आणि मी पाणी प्यायच्या निमित्ताने उठून जायचो. आता उठायलाच वेळ लागतो. तेव्हा बसल्या जागी सांगून टाकतो.

नव्वद सालानंतरची ती वर्षं. बारामतीहून इंदापूरकडे निघालं आणि पिंपळी मागे पडली की रस्त्याला लागून एका दूध संघाचं शीतकरण केंद्र होतं. मी तिथे सुपरवायझर. गावोगावचे टेम्पो दुधाचे कॅन आणायचे, दूध गार होऊन मोठ्या टाकीत साठायचं आणि टँकर ते पुढे न्यायचा. आबा कॅन धुवायचे. मूळचे निरवांगीचे, मेंढरं राखणाऱ्या घरातले. मेंढरं मोडून घराने ऊस लावला होता. शेत मुलगा बघायचा, आणि आबा केंद्रामागच्या पत्र्याच्या खोलीत राहून हजेरीवर काम करायचे. त्यांना नाव होतं, पण ते पगाराच्या दिवशीच निघायचं. एरवी टेम्पोवाल्यापासून अध्यक्षांपर्यंत सगळ्यांचे ते आबाच.

सकाळी माझा जीव थाऱ्यावर नसायचा. रात्री झोपताना उद्याची कामं डोक्यात, उठताना ती सगळी अंगावर. मोपेड केंद्रात लावेपर्यंत मी दोनदा खिसे चाचपलेले असायचे. किल्ली कुठे ठेवली ते मला कधी आठवायचं नाही. एक दिवस आबांनी ऑफिसच्या दाराशी खिळा ठोकला आणि मला बजावलं, "किल्ली खिळ्याव, डोस्कं ठिकाण्याव." मी हसलो. पण किल्ली खिळ्यावर ठेवू लागलो.

त्यांच्या अशा पुष्कळ खोडी होत्या. रात्री निजताना चपला दाराकडे तोंड करून ठेवायच्या, कारण सकाळी पायाला विचार करायला लावू नये, पाय बिघडतात. चपला घालण्याआधी झटकायच्या, विंचू असो नसो. स्टोव्हमध्ये रॉकेल आदल्या संध्याकाळीच भरायचं. सकाळचा पहिला शब्द कुणावर रागावून काढायचा नाही. राग आलाच तर गप्प बसून बादली आपटायची. कॅनच्या ढिगात जो सगळ्यात आंबलेला, वास मारणारा असेल तो ते शोधून काढायचे आणि पहिला धुवायचे. मी एकदा म्हटलं, आबा, सोपे आधी उरका की. ते म्हणाले, "घान आदी. नाकाला एकदा कळलं की म्होरलं समदं अत्तार."

आणि चहाच्या आधी कुठलीही तक्रार ऐकायची नाही. वरकुट्याचा एक टेम्पोवाला होता, गप्पिष्ट आणि सदा घाईत. टेम्पो वाटेत सोडून तो एकदा फाटकातूनच ओरडत आला की टायर फुटलाय, दूध नासंल, कुणीतरी चला. आबांनी त्याच्या हातात कप दिला.

"च्या पी. तवर फुटल्यालाच ऱ्हातोय, कुटं जातोय?"

टेम्पोवाल्याने मला डोळा घातला. पण चहा पिऊन तो बसला, आणि मग त्यालाच आठवलं की मागून दुसरा टेम्पो येतोय, कॅन त्यात चढवता येतील. तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. त्यांच्या जवळपास दिवस जरा कमी टोचतो. मात्र आबांच्या सगळ्याच सवयी उपयोगाच्या होत्या असं मी म्हणणार नाही. पहिल्या टेम्पोला पाण्याचा हबका मारण्याची त्यांची रीत ड्रायव्हरच्या काचेला आणि कधीकधी ड्रायव्हरलाही महागात पडायची.

त्यांची सगळ्यात ठाम सवय म्हणजे फेरी. पहिला टेम्पो यायच्या आधी ते इमारतीला एक वेढा घालायचे. हात भिंतीला लावून निघायचे. वाटेत दिसेल त्या नळाला, झाकणाला, दाराच्या कडीला हात लावायचे आणि काहीतरी पुटपुटायचे. टाकीच्या मागे, टँकर उभा राहायचा तिकडे, दूध सोडायचा मोठा नळ होता. तिथे ते जरा जास्त रेंगाळायचे. केंद्रातली पोरं त्याला 'आबांची प्रदक्षिणा' म्हणायची. मीही म्हणायचो.

एकदा मी विचारलं, हे काय देवदेव करता? त्यांनी सांगितलं ते असं. लहानपणी मेंढरं घेऊन सगळं घर चाऱ्यामागे फिरायचं. सकाळी मुक्काम हलवताना मेंढरं पुढे निघायची, घोड्यावर बिऱ्हाड चढायचं, आणि शेवटच्या माणसाने रिकाम्या वाघराभोवती, म्हणजे मेंढरं कोंडायच्या जाळीच्या जागेभोवती, एक फेरी घालायची. एखादं कोकरू झोपलेलं राहतं. ते काम आबांकडे होतं. एका सकाळी ते झोपेत होते आणि फेरी न घालताच निघाले. पुढच्या मुक्कामावर एक मेंढी ओरडायला लागली.

"बा नं येकच इचारलं, फेरी घातली व्हती का? मी म्हनलं, न्हाय. मग दोघं उलटं चालत गेलो."

"सापडलं?"

"लांडग्यांचं रान ते, सायेब." एवढंच म्हणून ते कॅनकडे वळले.

त्यानंतर मी फेरीला नावं ठेवणं सोडायला हवं होतं. काही दिवस सोडलंही. पण माणूस हळहळतो आणि विसरतो.

मग तो दिवस आला. अध्यक्ष बाहेरचे पाहुणे घेऊन केंद्र बघायला येणार होते. मी रात्रभर कूस बदलत होतो. केंद्रात पोहोचलो तो फाटकाशी चुना टाकायचा राहिला होता, सतरंजी आली नव्हती, हारवाला दिसत नव्हता. किल्ली मी खिळ्यावर ठेवली की टेबलावर, तेही कळेना. अशात आबा समोर आले आणि कॅन खाली ठेवून विचारते झाले, "झोप लागली का?" मी उत्तर दिलं नाही. ते क्षणभर थांबले आणि फेरीला निघाले.

मी आत-बाहेर करून येतो तर ते अजून पुढच्याच भिंतीशी. हात भिंतीवर, चाल आपली मेंढरामागची.

"आबा, आज ते राहू द्या. फाटकाशी चुना टाका आधी."

"अर्धी झाली, सायेब. अर्धीच ऱ्हायलीय. दमा वाईच."

"मी सांगतोय ना, राहू द्या. एक दिवस नाही घातली तर आभाळ कोसळत नाही."

त्यांनी भिंतीवरचा हात काढला. तो कुठे ठेवावा हे त्यांना कळेना, असं मला वाटलं. मग धोतराला पुसला आणि ते चुन्याची पाटी घ्यायला गेले.

टेम्पो आले, मशीन सुरू झालं, पाहुणे आले. हार, फोटो, चहा. आम्ही सगळे पुढच्या अंगाला होतो. मी पाहुण्यांना दूध गार कसं होतं ते समजावून सांगत असताना शेजारच्या उसातून एक बाई डोक्यावर पदर घेत आली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अवो, तुमचं दूध आमच्या पाटाला आलंय की."

आम्ही मागे धावलो. मोठा नळ उघडा होता. आदल्या संध्याकाळी टाकी धुऊन पाणी निथळायला कुणीतरी उघडला आणि बंद करायचा राहिला. कुणी, ते कधीच कळलं नाही. संध्याकाळच्या पाळीला हे अधूनमधून होत असणार, आणि सकाळी आबांचा हात तो गुपचूप बंद करत असणार. त्या दिवशी माझ्या पहिल्यांदा ध्यानात आलं की प्रदक्षिणेत ते नळापाशी का रेंगाळायचे. चार गावांचं सकाळचं दूध उसाच्या सरीतून पांढरं वाहत होतं आणि काठाला दोन कुत्री निवांत चाटत होती.

दुपारी ऑफिसात चौकशी झाली. अध्यक्ष, संघाचे मॅनेजर, मी. आबांना उभं करून मॅनेजर विचारू लागले.

"रोज सकाळी मागचे नळ तुम्ही बघता?"

"व्हय."

"आज बघितले?"

"न्हाय. फेरी अर्धीच झाली."

"का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. रोज झोपेचं विचारून थांबायचे ना, तसे थांबले. उत्तर माझ्यापाशी आहे, ते मी देईन, एवढाच त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव होता. मॅनेजर माझ्याकडे बघायला लागले. माझ्या डोक्यात माझी नोकरी, शाळेतली मुलं, अध्यक्षांचा उतरलेला चेहरा, सगळं एकदम गरगरलं, आणि मी अगदी मऊ आवाजात म्हणालो, "वय झालंय त्यांचं. आताशा विसरतात."

ते वाक्य मला बोलताना दयेचं वाटलं होतं, हे सांगितलं पाहिजे. रागावू नका त्यांना, असा काहीसा सूर मी लावला होता. सगळ्यांना हायसं वाटलं. चूक कुणाची नव्हती, वयाची होती. आबांनी एकदा स्वतःच्या हाताकडे पाहिलं.

विसराळू माणूस यंत्रापाशी नको, असं ठरलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र्याची खोली रिकामी केली. एक वळकटी, स्टोव्ह, पितळी तांब्या. मी खिडकीतून बघत होतो, बाहेर गेलो नाही. वळकटी खांद्यावर टाकून ते फाटकापर्यंत गेले, परत फिरले, रिकाम्या खोलीभोवती एक फेरी घातली आणि मग इंदापूरच्या एसटीला हात केला.

त्यांच्या जागी दुसरा माणूस आला, तरतरीत. त्याने कुणाला झोपेचं विचारलं नाही. मी सकाळी स्वतःच मागे जाऊन नळ बघू लागलो. हात भिंतीला लावायचो नाही, कुणी बघेल म्हणून.

पुढे दोन-तीन वर्षांनी इंदापूरच्या स्टँडवर आबा दिसले. बाकावर बसलेले, मांडीवर पिशवी. मी वळून निघालो होतो. पण त्यांनी हाक मारली.

"सायेब, झोप लागली का?"

"लागली की," मी म्हणालो. ते खोटं होतं.

त्यांनी मला शेजारी बसवलं. मुलाचं, उसाचं, विहिरीचं बोलले. घरात चार शेळ्या आहेत, म्हणाले, पण मुलगा त्यांना चारायला नेऊ देत नाही. आबा विसरतील, कुठेतरी सोडून येतील, म्हणतो. सून चुलीपाशी बसू देत नाही. जाळ तसाच ठेवतील, म्हणते. चपला रात्री दाराकडे तोंड करून ठेवल्या तरी सकाळी आपल्यालाच शंका येते की आपणच ठेवल्या का. हे सांगताना ते हसले. मग हसू थांबलं आणि त्यांनी आवाज खाली आणला.

"सायेब, येक इचारतो. त्या दिशी तुमीच म्हनला व्हता ना, फेरी ऱ्हाऊ द्या म्हनून? का मीच इसरलो? मला तर पक्कं याद हाय. पन घरची पोरं म्हनत्यात, आबा, तुमीच इसरला आसाल, सायेब खोटं कशाला बोलत्याल."

आणि ते थांबले, नेहमीसारखे. माझी बारामतीची गाडी फलाटाला लागली होती, कंडक्टर घंटी देत होता. एक शब्द पुरला असता. 'व्हय' म्हणायला गाडी सुटण्याइतका वेळ लागत नाही. मी उठलो, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जाऊ द्या आबा. जुनं झालं आता ते."

खिडकीतून पाहिलं. ते बाकावर तसेच, मान किंचित वर करून, अजून थांबलेले.

मी पुढच्या आठवड्यात निरवांगीला जायचं ठरवलं. मग उन्हाळा संपल्यावर ठरवलं. मग मुलीचं लग्न झाल्यावर. आबा गेल्याचं मला वरकुट्याच्या त्या टेम्पोवाल्याने सांगितलं, आधी चहा पाजून.

आता मी रोज पहाटे उठतो. चपला दाराकडे तोंड करून ठेवलेल्या असतात, किल्ली खिळ्यावर असते. घराभोवती एक फेरी घालतो, हात भिंतीला लावून, बघेना का कुणी. अर्ध्या वाटेवर नेहमी थबकतो आणि ते म्हणून बघतो. व्हय आबा, मीच म्हणालो होतो. तुम्ही काही विसरला नव्हता. मला माफ करा.