मुबलक पुरवठा

“बंदरावर लिहायला बंदराचीच पोर पायजे व्हय!”

संस्थेचे अध्यक्ष भरल्या स्टाफरूममध्ये असं म्हणाले. आमच्याकडं दखनी बोलीत बंदर म्हणजे माकड. माझे वडील मुंबईच्या बंदरावर हमाल होते, हे सगळ्यांना ठाऊक. सगळे हसले. मीही हसले. तेच जास्त लागतं.

नळदुर्गच्या त्या कॉलेजात मी अर्थशास्त्र शिकवायचे. तासिका तत्त्वावर. म्हणजे दर सत्राला अध्यक्षांची मर्जी. त्यांनी बंदर-शहराचा इतिहास आणि अर्थकारण यावर चर्चासत्र ठेवलं आणि निबंध मला लिहायला लावला. मी जीव ओतून लिहिला. कापसाच्या गाठी बंदरात कशा आल्या, त्यांच्यामागून पेढ्या, रेल्वे, गिरण्या कशा आल्या. शेवटची चार पानं अण्णांची होती, माझ्या वडिलांची. बेंबळीसारख्या खेड्याहून गेलेला माणूस जहाजाच्या पोटात उतरून गोण्या उचलतो. गंधकाचं जहाज लागलं की दोन दिवस डोळे चुरचुरतात. मग कंटेनर आले. अण्णा म्हणतात, “डबा आला आन् माणसं गेली.” एवढ्या मोठ्या उलथापालथीबद्दल इतकं नेमकं वाक्य मला एकाही पुस्तकात सापडलं नव्हतं.

अध्यक्षांनी पानं चाळली. “मॅडम, हे हमालाचं काढा. रडगाणं कशाला? वाचंल आमचा भाचा. तुम्ही पाहुण्यांच्या चहाचं बघा.”

मी म्हणाले, “बरं, सर.”

घरी पानं काढायला बसले. अण्णांना सांगितलं. वाटलं, चिडतील.

“काढ की मग. हमालाचा कुटं इतिहास असतोय व्हय, बाय?”

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच तसं वाटत होतं. मला एम. ए.पर्यंत शिकवलेल्या माणसाला अजून तसं वाटत होतं. मला रडू आलं नाही. संताप आला. आधी माझाच.

चर्चासत्रात भाचा वाचायला उभा राहिला. “या काळात स्वस्त मजुरांचा मुबलक पुरवठा होता.” ते वाक्य माझं होतं. मीच लिहिलं होतं, पुस्तकी सवयीनं. मुबलक पुरवठा! चारा असतो मुबलक. पाणी असतं, आमच्याकडं तेही नसतं. मी कपांचा ट्रे खुर्चीवर ठेवला, पर्समधली चार पानं काढली आणि माइकपाशी गेले.

“हा निबंध माझा आहे. आत्ताचं वाक्य चुकीचं आहे, तेही माझंच. गाळलेली पानं मी वाचते.”

“खाली बसा, मॅडम!” अध्यक्ष ओरडले.

बसले नाही. चारही पानं वाचली. अण्णांचं पूर्ण नाव घेऊन, आडनावासकट.

पुढच्या सत्रात मला तास नव्हते. अध्यक्षांनी शिपायाहाती कोरा कागद धाडला. माफी लिहून द्या, तास घ्या. शिपाई भला माणूस. म्हणाला, “द्या की ताई लिहून. कागुद तर हाय. काय जातंय?”

काय जातंय, ते आमच्या किती पिढ्यांनी पाहिलंय. मी त्याला पाणी दिलं आणि त्याच कागदावर लिहिलं: माफी मागणार नाही. निबंध छापाल तर माझ्या नावानं, चारही पानांसकट. नाहीतर ज्या सभेत तो वाचाल, तिथं मी येऊन उभी राहीन.