कुंकू लागलेली चकती

"तू बाहेर थांब. पूजा आहे," सर म्हणाले. वर हळूच, "वाईट वाटून घेऊ नकोस. गुरुजी जुन्या वळणाचे आहेत."

जळगावच्या आमच्या प्रयोगशाळेत नवं यंत्र आलं होतं. पदार्थातून किरण सोडून त्याच्या रेणूत कोणते अणू कसे जोडलेत, याचा माग देणारं. मुहूर्ताला त्यात जाणार होता माझा लाल रंग. साक्रीकडच्या आमच्या गावाबाहेर आजा मेलेली ढोरं सोलायचा. तिथल्या मातीतला जिवाणू हा रंग बनवतो. माती मी आणली. जिवाणू मी वाढवला. वर्षभर गाळून गाळून रंग शुद्ध केला, तेव्हा कुठे चिमूटभर भुकटी हाती आली. ती सरांच्या भाच्याकडे दिली. तोही सरांकडेच पीएचडी करतो.

आजाची माती चालली. तिच्यातला जिवाणू चालला. मी नाही.

दाराबाहेर चपलांपाशी उभी राहिले. आत नारळ फुटला. टाळ्या. रडू आलं. आणि मी मुकाट उभी राहिले, याचं जास्त रडू आलं.

मग सरांची हाक. "ये आता. आलेख आलाय. रेणूची रचना काढून दे."

रचना काढायला मी चालत होते!

आलेख पाहिला. नको तिथे शिखरं. भाच्याच्या हातांकडे बघितलं. बोटं कुंकवानं लालभडक. पूजा उरकून तशाच बोटांनी त्यानं सगळी भुकटी क्षारात खलली होती, यंत्रात ठेवायला तिची चकती दाबली होती. आता ती भुकटी परत मिळणार नव्हती. माझं वर्ष गेलं होतं.

"सर, यात कुंकू गेलंय. नमुना बाटला."



"ती शिखरं सोडून दे," सर म्हणाले. "पेपर पाठवायचाय."

"नाही. खोटी रचना मी काढणार नाही."

गाईडला नाही म्हणणं म्हणजे काय, ते पीएचडी करणाऱ्याला विचारा.

गावी जाऊन मायला सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "रंग तुना शे ना? मंग तू बाहेर काबर उभी ऱ्हायनी?"

का उभी राहिले, हे स्वतःला विचारतच मी जळगावला परतले.

जिवाणू बशीत जिवंत आहे. पुन्हा वाढवतेय. आणखी एक वर्ष जाईल. सर माझ्या प्रबंधावर सही देतील, न देतील. पण यापुढे माझ्या रंगाची चकती मीच दाबणार. मला दाराबाहेर उभं केलंत, तर रंगही बाहेरच राहील.