मामांची सहा तळघरं

देवाने जग घडवलं खरं, पण त्याला पार्श्वसंगीत द्यायचं राहून गेलं, आणि ती उणीव भरून काढण्यासाठीच आपल्याला डोंबिवलीत जन्माला घातलं आहे, असं आमच्या हिचे मामा मनापासून मानत. दिवसा ते एमआयडीसीतल्या एका रंगाच्या कारखान्यात स्टोअर सांभाळत आणि संध्याकाळी हौशी नाटकांना पार्श्वसंगीत देत. पण प्रकरण रंगमंचापुरतं थांबत नसे. मी हिला बघायला गेलो तेव्हा पोह्यांचा पहिला घास तोंडात टाकला आणि आतल्या खोलीतून पायपेटीचा एक लांबलचक, कातर सूर आला. मी पाणी प्यायलो, सूर वर चढला. मुलगी पसंत आहे का, असं कुणीतरी विचारलं आणि पेटी एकदम थांबली. त्या शांततेत सगळे माझ्याकडे बघायला लागले तेव्हा मी घाईघाईने हो म्हणून टाकलं. लग्नानंतर एकदा हा विषय काढला तर मामा शांतपणे म्हणाले, "जावईबापू, तुमच्या चेहऱ्यावर जे होतं तेच मी वाजवलं. पदरचं काही घातलं नाही."

भांड्यांच्या दुकानात मामांना नेणं म्हणजे दुकानदाराचा दिवस फुकट. प्रत्येक पातेलं उचलायचं, बोटाच्या पेराने टिचकी मारायची, कानाशी धरून डोळे मिटायचे आणि "गांधार जरा उतरलाय" असं म्हणून खाली ठेवायचं. मामींना डाळ शिजवायची असे, गांधाराशी त्यांचा काही संबंध नसे. पण घरी शेवटी मामांच्या पसंतीचंच पातेलं येई. त्यामुळे त्या घरातलं एकही झाकण कुठल्याच भांड्यावर नीट बसत नसे, पण सगळी झाकणं सुरात होती. गॅलरीत कपडे वाळत घालायच्या दोरीवर रंगाच्या रिकाम्या पिंपांची झाकणं टांगलेली असत. वारा सुटला की खालच्या मजल्यावरच्यांना कुठल्यातरी देवळात आरती सुरू झाल्यासारखं वाटायचं.

एवढं सगळं करून या माणसाचं नाव कुठे म्हणून आलं नाही. नाटक सुरू होण्याआधी विंगेतून कलाकारांची नावं पुकारतात. तिथे नेपथ्य येई, प्रकाशयोजना येई, आणि पार्श्वसंगीताशी आलं की काहीतरी व्हायचंच. एकदा कागद नेमका तिथेच दुमडला होता. एकदा मध्येच तिसरी घंटा झाली. एकदा तर मामांचं काम प्रकाशयोजनावाल्याच्या नावावर गेलं आणि त्याने बक्षीसही घेतलं. मामा म्हणत, नाटक पडलं तर शिव्या नावानिशी येत नाहीत हे काय थोडं आहे. पण प्रत्येक नाटकाचं छापील पत्रक त्यांनी बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवलं होतं, आणि मामी तिसऱ्या रांगेत बसून दर वेळी त्या घोषणेसाठी कान टवकारून असत, हे मी पाहिलं आहे. स्वतः मामींनी मात्र नवऱ्याचं नाव कधी उच्चारलं नव्हतं. लग्नात उखाण्यातून घेतलं असेल तेवढंच. एरवी "अहो" किंवा "आमच्याकडे". रेशनच्या दुकानात कुणी नाव विचारलं तर त्या मुकाट्याने कार्ड पुढे करत.

नव्वदीच्या दशकात, मी कल्याणला कॉलेजात शिकवत असताना, माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. त्याने ठाण्यात तीन खोल्यांत कॉम्प्युटरवरचे खेळ बनवायची कंपनी काढली होती. एका परदेशी कंपनीसाठी ते एक खेळ करत होते: एक योद्धा, एक हरवलेला मुकुट आणि जमिनीखालची सहा तळघरं, भुतंखेतं भरलेली. तळघरांना संगीत हवं होतं. मी त्याला थेट मामांकडे नेलं. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला, प्रवेश किती मिनिटांचा? विद्यार्थी म्हणाला, मिनिटांचं काही नाही, खेळणाऱ्याला बाहेरचं दार सापडेपर्यंत.

"आणि सापडलंच नाही तर?" मामांनी विचारलं.

मग तो तिथेच राहतो, असं त्या मुलाने अगदी सहज सांगितलं. मामा दोन दिवस नीट जेवले नाहीत. कुठल्या परमुलखातला कोण माणूस, अंधारात एकटा भिंती चाचपडतोय, आणि त्याला ऐकायला काय मिळणार तर आपण वाजवलेलं. ही जबाबदारी त्यांच्या जिवाला लागली.

ते कामाला भिडले. सोसायटीची जमिनीखालची टाकी धुवायचा दिवस आला तेव्हा ते हातपेटी, कळशी आणि टेपरेकॉर्डर घेऊन रिकाम्या टाकीत उतरले. नळाला पाणी यायची वेळ झाली, सेक्रेटरी झाकणाशी ओणवे होऊन विनवण्या करायला लागले, आणि खालून फक्त कळशीचा घुमारा येत राहिला. त्या दिवशी त्यांच्या बिल्डिंगला पाणी एक तास उशिरा मिळालं आणि आठवडाभर मामांशी कुणी बोललं नाही. तयार झालेली चाल मामींवर तपासली जाई. मामी तांदूळ निवडायला बसल्या की टेप सुरू व्हायची, तीच चाल चाळीस वेळा. मामींनी मान वर केली की चाल बाद. कंटाळा न येता जी कानामागे वाजत राहते तीच तळघराची चाल, असं मामांचं शास्त्र होतं.

परदेशातून निरोप आला की संगीत छान आहे, पण भीती वाटत नाही, उलट लोक तळघरात निवांत बसून राहताहेत. मामांनी भीती घातली: पिंपांची झाकणं, साखळ्या, कळशीतलं पाणी. पण सगळ्याच्या तळाशी पायपेटीचा एक सा त्यांनी अखंड ठेवला, आणि तो काढायला ते काही केल्या तयार होईनात. "घाबरवा हवं तेवढं," ते म्हणाले, "पण एकट्याला सोडायचं नाही." अखेर तो सा राहिला. त्या खुशीत विद्यार्थ्याने सांगितलं, मामा, तुमचं नाव येणार, सहावं तळघर पार झालं की पडद्यावर सगळ्यांची नावं येतात.

आता नाव बघायचं तर खेळ संपवायला हवा. प्रश्नपत्रिका छापण्यासाठी मी घेतलेल्या कॉम्प्युटरवर आमच्या हिने तो खेळ लावला आणि योद्धा आपल्या ताब्यात घेतला. दर शुक्रवारी, म्हणजे कारखान्याच्या सुटीला, मामा आणि मामी दुपारी आमच्याकडे येत. मामा स्टुलावर, मामी खाली सुपात मटार सोलत. पहिल्या तळघरातच योद्धा अकरा वेळा मेला. चौथ्यात आम्ही तीन शुक्रवार अडकलो, आणि तीन शुक्रवार तीच चाल ऐकूनही कुणाचं डोकं उठलं नाही, या आनंदात मामा दाराचं विसरूनच गेले होते. मामी मात्र दर वेळी निघताना विचारत, अजून किती राहिली?

चार महिन्यांनी सहावं दार उघडलं. मामांनी चष्मा पुसून घातला. काळ्या पडद्यावर इंग्रजी नावं खालून वर सरकायला लागली. ही बोट ठेवून एकेक वाचत होती. परदेशी नावं, आणखी परदेशी नावं, त्यांच्या कुत्र्याचंसुद्धा नाव. मग शेवटची ओळ वर गेली आणि पडदा काळा झाला. मामांचं नाव नव्हतं. ठाण्याच्या कंपनीचंही नव्हतं. हिचं बोट तसंच हवेत राहिलं. मामा म्हणाले, बरं झालं, मोठं काम होतं, माणसं पुष्कळ असणार. आवाज अगदी नेहमीचा होता, म्हणून मला त्यांच्याकडे बघवेना.

मामींना इंग्रजी येत नव्हतं. त्या पडद्याकडे बघतच नव्हत्या, मामांच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. त्यांनी मांडीवरचं सूप बाजूला ठेवलं आणि विंगेतून पुकारतात तशा संथ, मोठ्या आवाजात म्हणाल्या, "पार्श्वसंगीत." आणि मग नाव, वडिलांचं नाव, आडनाव, तिन्ही. एकाही अक्षरावर न अडखळता.

मामांनी चष्मा काढला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. आयुष्यभरात पहिल्यांदाच एखाद्या प्रसंगाला काय वाजवावं ते त्यांना सुचलं नाही. मामी पुन्हा मटार सोलायला लागल्या होत्या आणि त्यांचे कान लालबुंद झाले होते.

मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. ती टेप माझ्याकडे आहे, आणि एकटं वाटलं की मी ती लावतो, तळाचा सा अजून तसाच ऐकू येतो. मामींनी ते नाव त्यानंतर कधी घेतलं नाही. दहाव्या दिवशी गुरुजींनी गेलेल्याचं नाव विचारलं, तेव्हा मामींनी मुकाट्याने माझ्याकडे पाहिलं आणि मी ते सांगितलं. माझ्या तोंडी ते अगदी साधं वाटलं.